समेट आणि न्याय यांतील भेद मुलांना कळतो का?

शाळेत ज्याचे मोजमाप होते तेच हळूहळू शिक्षण समजले जाते आणि ज्याचे होत नाही ते वाऱ्यावर सोडले जाते. आम्ही शिक्षक मंडळी भाषा, गणित, विज्ञान यांच्या प्रगतीची नोंद काटेकोरपणे ठेवतो. विद्यार्थ्याची उंची, वजन आणि हजेरीसुद्धा आमच्या दप्तरात असते. परंतु आपल्या गावात दोन समूहांमध्ये वाद उभा राहिला तर तो या विद्यार्थ्याला कितपत समजतो, त्यातून मार्ग काढण्याची किती कुवत त्याच्या अंगी आली आहे, याची ओळ कोणत्याही प्रगतिपत्रकात सापडत नाही. वस्तुतः निवासी शाळेचे फाटक ओलांडून विद्यार्थी आपल्या वस्तीत परततो तेव्हा त्याची पहिली परीक्षा याच विषयाची असते. पाण्याच्या टँकरची पाळी, गायरानाची जमीन, स्मशानभूमीची वाट, जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, निळा झेंडा कोणत्या चौकात लावावा, हे प्रश्न दहावीचा निकाल लागेपर्यंत त्याची वाट पाहत थांबत नाहीत.

म्हणून शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने एक मत आम्ही स्पष्टपणे मांडू इच्छितो. सामाजिक संघर्ष समजण्याची आणि सोडवण्याची क्षमता हा मूल्यमापनाचा विषय झाला पाहिजे. मात्र ते करताना ‘भांडण मिटवणे’ एवढीच कसोटी लावली, तर ते मूल्यमापन आमच्या मुलांवर अन्याय करणारे ठरेल. भांडण आणि अन्याय या दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांतील भेद ओळखता येणे, हीच या क्षमतेची खरी कसोटी होय.

सध्याची स्थिती पाहू. महाडचा सत्याग्रह इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येतो. त्यावर प्रश्न निघतो तो रिकाम्या जागेचा किंवा टीप लिहिण्याचा. ‘२० मार्च १९२७’ असे लिहिणाऱ्याला गुण मिळतो आणि प्रकरण संपते. दुसरीकडे मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘दोन गटांत तंटा झाल्यास तुम्ही काय कराल?’ असे विचारले, तर वर्गातून एका सुरात उत्तर येते, ‘आम्ही दोघांना समजावून सांगू आणि गुण्यागोविंदाने राहायला सांगू.’ हे उत्तर शिक्षकांना आवडते, तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही आवडते. पण ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. महाडला दोन्ही बाजूंना ‘गुण्यागोविंदाने राहा’ असे सांगितले असते तर तळ्याचे पाणी कोणाला मिळाले असते? ज्याला आधीपासून मिळत होते त्यालाच. म्हणजे मूल्यशिक्षणात पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलाला इतिहासाचा तो धडा समजलेलाच नाही आणि आमच्या परीक्षापद्धतीला त्याचा पत्ताही लागलेला नाही.

महाडचेच प्रकरण संघर्षाच्या अभ्यासाचा नमुना म्हणून घेतले, तर त्यातून किती तरी अधिक विचारता येते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही १९२७ पर्यंत त्या पाण्याला कोणी हात लावू शकले नव्हते. हक्क कागदावर असूनही हातात का आला नाही? सत्याग्रहानंतर ‘हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परिषदेसाठी आलेल्या माणसांवर हल्ले झाले. अफवा कोणाच्या सोयीची होती? त्या प्रसंगी संतप्त अनुयायांना बाबासाहेबांनी प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. तो भित्रेपणा होता की सामर्थ्य? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्ण पक्षाने न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तळ्यावरचा दुसरा सत्याग्रह स्थगित केला, मात्र २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन करून विषमतेच्या मुळालाच हात घातला आणि न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तेव्हा तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित करणे म्हणजे माघार होती काय?

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. या लढ्यात महाडचे सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. ही नावे ज्या मुलाला ठाऊक आहेत आणि त्यांचे तेथे असणे महत्त्वाचे का, हे ज्याला सांगता येते, तो मुलगा संघर्षाकडे ‘ही जात विरुद्ध ती जात’ एवढ्याच नजरेने पाहणार नाही. तो ‘न्यायाची बाजू विरुद्ध अन्यायाची बाजू’ अशा नजरेने पाहील. हा फरक उत्तरपत्रिकेत दिसू शकतो. तो तपासायचा की नाही, हे आमच्या हाती आहे.

आता मूल्यमापन प्रत्यक्षात कसे करावे, याविषयी आमची सूचना साधी आहे. मुलांपुढे एक प्रसंग न ठेवता प्रसंगांची जोडी ठेवावी. पहिला प्रसंग असा : वसतिगृहाच्या दोन खोल्यांतील मुलांना रविवारी सकाळी एकाच मैदानावर खेळायचे आहे. एक खोली क्रिकेट म्हणते, दुसरी कबड्डी म्हणते. दुसरा प्रसंग असा : उन्हाळ्यात गावात येणारा टँकर नेहमी चावडीपुढे उभा राहतो. गावठाणातील घरांचे हंडे भरून झाल्यावर उरेल ते पाणी वस्तीला मिळते. वस्तीतील लोकांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की पाण्यावरून तंटा नको, एकमेकांना सांभाळून घ्या. दोन्ही प्रसंगांवर प्रश्न तेच विचारावेत. काय घडले? कोणाचे म्हणणे काय? तोडगा निघालाच नाही, तर कोणाचे काय बिघडते? मार्ग कोणता?

ज्या मुलाने दोन्ही ठिकाणी ‘आळीपाळीने घ्यावे, समजुतीने घ्यावे’ असेच लिहिले, त्याला भाषा येते, संघर्ष समजत नाही. मैदानाच्या वादात दोन्ही पक्ष समान आहेत. तेथे पाळी लावणे हा उत्तम तोडगा आहे. टँकरच्या वादात एका पक्षाला तोडगा निघण्याची गरजच नाही, कारण त्याचा हंडा रोज भरतो. उशीर होईल तितका त्याचा लाभ आणि दुसऱ्याची तहान. ‘वाट पाहणे कोणाला परवडते?’ हा प्रश्न ज्याला सुचला, त्याला सत्तेचे गणित उमगले. त्यापुढे जाऊन ‘टँकर सार्वजनिक पैशाचा आहे, म्हणून पाणी ही कृपा नव्हे, हक्क आहे. आधी ग्रामसभेत मागणी करू, न ऐकल्यास तहसीलदारांना लेखी निवेदन देऊ’, असे ज्याने लिहिले, त्याला उपायाची पायरीही सापडली. आणि ‘टँकर अडवू, काचा फोडू’ असे लिहिणारा? त्याला अन्याय समजला आहे, उपाय मात्र समजलेला नाही. आमच्या मते ‘गुण्यागोविंदाने राहावे’ लिहिणाऱ्यापेक्षा तो एक पायरी पुढे आहे. त्याला खडसावण्याऐवजी ‘काचा फुटल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल?’ एवढेच विचारावे. उत्तर तो स्वतः शोधेल.

काही भगिनी-बंधूंना येथे शंका येईल, की मुलांना सतत अन्यायच शोधायला शिकवले तर ती आपल्या समूहाच्या चुका कधी पाहणार? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांचे दर्शन असे दिलेले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा, हे कारण तेथे दिले आहे. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने आधी चौकशीची मागणी केली आणि आपल्याही माणसांनी आगळीक केली असेल तर आपणही निर्दोष नाही, असे भर सभेत सांगितले. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा, हा त्याचा प्रस्ताव होता. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. युद्धात भाग घेण्यास नकार दिल्यास कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येणार, असे दिसताच शिक्षा आपल्या घरच्यांवर न येता स्वतःवर यावी म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

या कथेत संघर्ष-निवारणाचा अवघा अभ्यासक्रम आहे. निर्णयापूर्वी चौकशी, आपल्या बाजूच्या दोषाची कबुली, दोन्ही पक्षांना मान्य होतील असे पंच, बहुमत चुकले तरी हिंसेत सहभागी न होण्याचे धैर्य आणि त्या धैर्याची किंमत स्वतः मोजण्याची तयारी. कथेचा पुढचा भागही मुलांना सांगितला पाहिजे. दोन्ही गणांतील तंटा पुढे मिटल्याचे सिद्धार्थाला कळते, तरी तो परत फिरत नाही. दोन राज्यांतील झगडा अधूनमधून होतो, माणसामाणसांतील वर्गांचा झगडा मात्र नित्याचा असतो आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, हे त्याच्या ध्यानात आलेले असते. भांडण आणि अन्याय यांतील भेद यापेक्षा स्पष्ट कोठे सापडेल?

म्हणून प्रसंगांच्या जोडीला तिसरा प्रसंग जोडावा आणि तो ‘आपण’ चुकण्याचा असावा. समजा, वसतिगृहातून कोणाचे तरी पैसे गेले आणि काहीही चौकशी न होता सर्वांच्या नजरा एका पारधी मुलाच्या पेटीकडे वळल्या. येथे संशय घेणारे कोण? स्वतः अपमान सोसलेल्या घरांतील मुले. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, पण पारध्यांच्या बाबतीत तो लोकांच्या मनातून गेला नाही. ‘पेटी तपासायची असेल तर सगळ्यांची तपासा, माझीही’ असे जो लिहितो, त्याने समतेचा धडा घोकलेला नाही, पचवलेला आहे. महार-मांग भेद असो, एका वस्तीत दोन जयंती मंडळे आणि दोन वर्गण्या असोत, आपल्यातील हे तंटे झाकून ठेवून मुलांना फक्त परक्यांचे दोष दाखवणारी परीक्षा आंबेडकरी परीक्षा म्हणवून घेऊ शकत नाही.

निवासी शाळेला या कामी जे साधन लाभले आहे ते दिवसा भरणाऱ्या शाळेला नाही. आमची मुले एकत्र झोपतात, एका रांगेत ताट धरतात, एका नळावर दात घासतात. तंटे रोज होतात आणि ते खरे असतात. कोसंबीच्या भिक्खूंचा प्रख्यात कलह तरी कशावरून झाला होता? शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवण्यावरून. त्यावरून दोन आचार्यांचे शिष्य दुभंगले, उपासकांत फूट पडली. तथागतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. उपासकांनी दान देणे थांबवले, तेव्हा भिक्खू भानावर आले. बादलीवरून भांडणाऱ्या आमच्या मुलांना ही कथा सांगितली की ती हसतात आणि मग गप्प होतात.

विनयपिटकात वाद शमवण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत. त्यांतील तीन वसतिगृहाच्या बालसभेला सहज पेलणाऱ्या आहेत. ‘सम्मुखाविनय’ म्हणजे दोन्ही पक्षांच्या समोर निवाडा, कोणाच्या पाठीमागे नव्हे. ‘येभुय्यसिका’ म्हणजे शलाका घेऊन बहुमताने निर्णय. ‘तिणवत्थारक’ म्हणजे जमिनीवरची घाण गवताने झाकावी तसे, दोन्हीकडून किरकोळ चुका झालेल्या असताना त्या उकरत न बसता प्रकरण झाकणे. मुलांना विचारण्याजोगा प्रश्न हा, की कोणत्या प्रकरणाला कोणती रीत लागू करावी आणि गवताने झाकण्याजोगे काय आहे, काय नाही. शिवीगाळ झाली, दोघांनीही केली, तर गवत चालेल. ताट बाजूला ठेवायला सांगितले असेल तर चालणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या ठराव, गणपूर्ती आणि मतदानाच्या नियमांचा दाखला देऊन संसदीय पद्धती या भूमीला नवी नाही, असे सांगितले होते. आमच्या बालसभेचे इतिवृत्त हे त्या परंपरेतील लहानसे पान आहे आणि मूल्यमापनाचा सर्वांत विश्वसनीय पुरावाही तेच आहे. प्रश्नपत्रिकेत मूल गुरुजींना आवडेल ते लिहू शकते. वर्षभराच्या सभांमध्ये ते खोटे वागू शकत नाही.

नोंद कशी ठेवावी, यासंबंधी काही पथ्ये सांगितली पाहिजेत. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यात वर्णनात्मक नोंदींची सोय आहे. या विषयाला गुण देऊ नयेत, नोंदीच कराव्यात. चार बाबी पुरेशा आहेत : पाहिलेले आणि ऐकीव यांत मूल फरक करते का, समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडू शकते का, कोण बलवान आणि कोण दुबळा हे ओळखते का, आणि सुचवलेल्या उपायाचा परिणाम पुढे काय होईल याचा विचार करते का. लेखी उत्तरे नाव झाकून दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे वाचावीत, कारण पूर्वग्रह शिक्षकाच्या लेखणीतही असतात. लाजऱ्या आणि लेखनात कच्च्या मुलांना तोंडी किंवा नाट्यरूपाने मांडू द्यावे. सर्वांत महत्त्वाचे हे, की कोणत्याही मुलाला स्वतःच्या घरावर गुदरलेला प्रसंग वर्गापुढे सांगायला लावू नये. दुःख हे उत्तरपत्रिकेचे साहित्य नव्हे. ज्याला सांगावेसे वाटेल तो संध्याकाळी एकटा येऊन सांगेल, तेव्हा ऐकणारा शिक्षक तेथे असावा.

आणखी एक सीमारेषा मुलांना स्पष्ट माहीत असली पाहिजे. काही प्रकरणे मिटवायचीच नसतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधावरचे, भाऊबंदकीचे अनेक वाद गावातच मिटावेत हा तिचा हेतू चांगला आहे. परंतु मारहाण, बहिष्कार, जातिवाचक अपमान हे बांधावरचे वाद नव्हेत. त्यांच्यासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे. तेथे योग्य उत्तर ‘बैठक घ्यावी’ हे नाही. ‘तक्रार नोंदवावी, विश्वासू मोठ्या माणसाला सोबत घ्यावे’ हे आहे. जे मूल हे लिहिते त्याला भांडखोर ठरवणारी उत्तरसूची आम्हाला नको.

उलट बाजूने काही कार्यकर्ते म्हणतील, की संघर्ष ‘सोडवण्याचे’ शिक्षण म्हणजे लढण्याची धार बोथट करणे. आम्हाला तसे वाटत नाही. लढ्याचा शेवट कोठे करावा, हे ज्याला कळत नाही त्याला लढा चालवताही येत नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न ठेवावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. सोळा वर्षे लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास चालले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. विद्यार्थ्यांना विचारावे : हा न्याय होता की तडजोड? तडजोड असेल तर स्वीकारणाऱ्यांनी काय मिळवले, काय सोडले? मराठवाडा हे नाव ज्यांना जपायचे होते त्यांच्या भावनेत न्याय्य असे काही होते का आणि वस्त्या जाळण्याशी तिचा संबंध कोठे तुटतो? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही. आमच्यातही त्यावर आजवर एकमत नाही. तरीही मुलाने दिलेल्या कारणांची खोली मोजता येते आणि ती मोजण्याची सवय शिक्षकांनाच आधी लावून घ्यावी लागेल.

वसतिगृहे आमच्या चळवळीत केवळ राहण्या-जेवण्याची सोय म्हणून निघाली नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले, तेव्हा शिक्षणाबरोबर स्वाभिमानाने सामूहिक जीवन जगणारी पिढी घडावी, ही अपेक्षा होती. त्या अपेक्षेची पडताळणी दहावीच्या टक्केवारीने होत नाही. आमची विनंती एवढीच आहे, की येत्या जूनपासून इयत्ता सहावीपासून पुढच्या वर्गांत प्रत्येक सत्रात एकदा प्रसंगांची ही जोडी मुलांपुढे ठेवावी, बालसभेचे इतिवृत्त मुलांच्याच हस्ताक्षरात जपावे आणि पालक सभेच्या दिवशी प्रगतिपत्रकासोबत त्या चार नोंदी पालकांना वाचून दाखवाव्यात. मुलगा वाद कसा घालतो, कोणाच्या बाजूने उभा राहतो आणि चूक आपली असेल तेव्हा काय करतो, हे ऐकण्यासाठी पालक नक्की थांबतील. मोलमजुरीचा एक दिवस बुडवून ते त्यासाठीच तर येतात.